आधी वही, मग दुर्बीण

आपल्या घरांतून लघवी हा विषय हलक्या आवाजातच बोलला जातो. मुलाला ताप आला, खोकला झाला, तर शेजारच्या काकूंपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना ते कळते. पण सहा वर्षांची मुलगी रोज दुपारी शाळेतून ओल्या चड्डीने परत येते, हे तिची आई घरातल्या इतरांनाही लवकर सांगत नाही. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून आठवडाभर धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा आणि वाळ्याचे सरबत होते. मग कोणीतरी लिहून दिलेले अँटिबायोटिक, मग त्याहून ‘भारी’ अँटिबायोटिक. एवढ्याने भागले नाही की घराचा धीर एकदम सुटतो आणि इतके दिवस दबून राहिलेला विषय थेट शेवटच्या टोकाला जाऊन पोहोचतो. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसता बसताच वडील म्हणतात, ‘‘डॉक्टर, पैशांची काळजी करू नका. एकदा काय ती दुर्बीण घालून आत बघूनच टाका!’’

याच्या नेमके उलटे घरही मी पाहतो. तेथे तीन आठवड्यांच्या मुलाला दुर्बिणीची खरोखर गरज असते आणि तीही तातडीने. पण आजी म्हणते, ‘‘एवढ्याशा जिवाला कशाला ती नळी? सव्वा महिना तर होऊ दे.’’

मी लहान मुलांच्या मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. ही दुर्बीण, म्हणजे सिस्टोस्कोप, गेली कित्येक वर्षे माझ्या रोजच्या हातातले हत्यार आहे. तेव्हा मी पुढे जे लिहितो आहे ते त्या हत्यारावरच्या रागातून लिहितो आहे, असे कोणी समजू नये. लघवीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या लहान मुलांपैकी फारच थोड्यांना दुर्बिणीची गरज असते. ज्यांना असते, त्यांच्या बाबतीत घाबरून घालवलेले आठवडे मूत्रपिंडाला महागात पडतात. आणि आपले मूल यांपैकी कोणत्या गटातले, हे बहुतेक वेळा दुर्बीण न घालताच कळते. मला सांगायचे आहे ते एवढेच. पण त्यातला प्रत्येक शब्द घराघरांत आणि काही दवाखान्यांतही अजून पटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. ‘दुर्बीण’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतेच काहीतरी येते. प्रत्यक्षात ही एक बारीक, ताठ नळी. तान्ह्या बाळासाठी वापरतात ती जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची, साधारण बॉलपेनच्या रिफिलएवढी. लघवीच्या जागेतून ती मूत्रमार्गात घालतात आणि तेथून मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत नेतात. पाणी सोडून पिशवी थोडी फुगवतात आणि आतले चित्र पडद्यावर बघतात. कापाकापी नाही, टाके नाहीत. या नळीचा इतिहास मोठा मजेदार आहे. १८०६ च्या सुमारास फिलिप बोझिनी या फ्रँकफुर्टच्या डॉक्टराने चक्क मेणबत्तीच्या उजेडावर चालणारे असे यंत्र लोकांपुढे आणले. १८७७ मध्ये माक्सिमिलियान नित्झे याने ड्रेस्डेनला दाखवलेल्या सिस्टोस्कोपच्या टोकाशी तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार होती आणि तिने पेशंट भाजू नये म्हणून आत सतत थंड पाणी खेळवावे लागे! १९५९ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश पदार्थवैज्ञानिकाने काचेच्या कांड्यांची नवी रचना शोधली आणि मग मात्र लहानशा नळीतूनही लख्ख दिसू लागले. आज आम्ही तान्ह्या बाळांच्या मूत्राशयात बघू शकतो ते त्या कांड्यांच्या जोरावर.

मोठ्या माणसाची सिस्टोस्कोपी पुष्कळदा जागा बधिर करणारी जेली लावून, गप्पा मारता मारता होते. चार वर्षांच्या मुलाला ‘हलू नकोस हं’ सांगून हे होणे नाही. त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणजे उपाशी ठेवणे आले, सलाइन आले, भूलतज्ज्ञ आले, ऑपरेशन थिएटर आले. भुलेबद्दल आईवडिलांना वाटणारी भीती मी हसण्यावारी नेत नाही, पण ती वाढवूनही सांगू नये. २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला तो तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक वेळ किंवा पुन्हा पुन्हा द्याव्या लागणाऱ्या भुलेबद्दल. तान्हेपणी एकदाच, तासाभराच्या आत भूल मिळालेल्या मुलांची पाचव्या वर्षी बुद्धिमापन चाचणी घेतली तेव्हा इतर मुलांच्या तुलनेत फरक आढळला नाही, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले. म्हणजे गरज असेल तर भुलेला घाबरण्याचे कारण नाही. गरज नसेल तर मात्र छोटी भूलही द्यायची कशाला?

‘आत बघून टाका’ ही मागणी कोठून येते? मला वाटते, ती आजोबांकडून येते. साठी उलटलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या लघवीतून रक्त गेले, तर मूत्राशयात गाठ आहे का हे पाहण्यासाठी दुर्बीण घालावीच लागते. तेथे टाळाटाळ हा गुन्हा ठरेल. घरातल्या कोणाचे तरी असे झालेले असते आणि तोच हिशेब नातवाला लावला जातो. पण नातवाचे मूत्राशय म्हणजे आजोबांच्या मूत्राशयाची छोटी आवृत्ती नव्हे. मुलांत मूत्राशयाचा कर्करोग इतका दुर्मिळ आहे की आयुष्यभर मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरालाही तो क्वचितच भेटतो. आणि असलाच तर तो बहुधा सोनोग्राफीत दिसतो. मुलाची लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, सकाळी चेहरा सुजलेला दिसला, आणि दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा दुखला होता किंवा अंगावरची खरूज पिकली होती असे आईने सांगितले, तर दोष मूत्रपिंडाच्या गाळणीत असतो. तेथे दुर्बिणीच्या आधी रक्तदाब मोजण्याचा पट्टा हवा. (आणि आदल्या दिवशी बीट खाल्ले होते का, हेही विचारावे. लाल लघवी पाहून रात्री बारा वाजता धावत आलेली कुटुंबे मी कोशिंबिरीची चौकशी करून घरी पाठवली आहेत.)

हा मोह फक्त आपल्याकडचा आहे असेही नाही. साठच्या दशकातल्या अमेरिकेत वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या किंवा चड्डी ओली करणाऱ्या छोट्या मुलींना सर्रास दुर्बीण घातली जाई. १९६३ मध्ये लायन आणि स्मिथ या डॉक्टरांनी अशा मुलींच्या मूत्रमार्गाच्या टोकाशी एक अरुंद कडे असते असे मांडले. उपाय सोपा वाटला: कडे आहे ना, मग ते ताणून रुंद करा किंवा आतून कापा. कितीतरी मुलींना भूल देऊन हे केले गेले. पुष्कळजणींना बरेही वाटले, त्यामुळे डॉक्टरही खूश आणि आयाही खूश. चार वर्षांनी, १९६७ मध्ये, कोणीतरी एक साधी गोष्ट केली. ज्यांना काहीच तक्रार नाही अशा मुलींचे मूत्रमार्गही मोजून पाहिले. तेच कडे निरोगी मुलींतही सापडले! आजारी मुलींचा मार्ग त्यांच्यापेक्षा अरुंद नव्हता. १९७३ मध्ये आणखी पुढचा प्रयोग झाला: काहींचा मार्ग ताणला, काहींचा कापला, काहींना फक्त औषध दिले. पुढे जंतुसंसर्ग होण्यात तिन्ही गटांत फरक पडला नाही. १९७९ पर्यंत तिथल्या मूत्ररोगतज्ज्ञांनीच हिशेब मांडून लिहिले, की जंतुसंसर्ग आणि अंथरूण ओले करणे अशा नेहमीच्या तक्रारींत सिस्टोस्कोपीतून उपचार बदलेल असे फारसे काही हाती लागत नाही.

ही गोष्ट मी तरुण डॉक्टरांना आवर्जून सांगतो. आत पाहिले की काहीतरी दिसतेच. थोडी लाली, थोडा खडबडीतपणा, एखादे कडे. आणि दिसले की त्याला नाव मिळते, नाव मिळाले की उपचार सुरू होतो. निरोगी मूल आतून कसे दिसते याची मोजदाद केल्याशिवाय आजारी मुलाच्या आत पाहिलेल्याला काही किंमत नसते.

पण माझा मुख्य मुद्दा याहून साधा आहे. लहान मुलांच्या लघवीच्या बहुतेक तक्रारी या मूत्राशयाच्या घडणीच्या नसतात, त्याच्या सवयीच्या असतात. आणि भूल देऊन झोपवलेल्या मुलाच्या मूत्राशयात सवय दिसत नाही. ते मूत्राशयही झोपलेले असते.

साडेचार वर्षांचा मुलगा घ्या. छोट्या शिशुवर्गात नुकताच जाऊ लागलेला, घरी दोन महिन्यांची बहीण. एके दिवशी अचानक तो दर दहा-पंधरा मिनिटांनी लघवीला पळू लागतो. चमचाभर होते, की पुन्हा थोड्या वेळाने ‘आई, शू!’ कोल्हापूरला जाताना एस.टी. चार वेळा थांबवावी लागली, कंडक्टरने बोलून घेतले. आग नाही, ताप नाही. मी एकच प्रश्न विचारतो: रात्री काय करतो? आई म्हणते, रात्री गाढ झोपतो, एकदाही उठत नाही, गादीही कोरडी. येथे निम्मे निदान झाले. ज्या मूत्राशयात खरोखर खडा आहे किंवा जंतू आहेत, ते रात्री आठ तास गप्प बसत नाही. लघवी तपासायची, तिच्यात साखर नाही ना हे बघायचे. हे मात्र कधीही विसरायचे नाही. खूप तहान, वजन उतरणे, रात्री उठून उठून भरपूर लघवी, लघवीला मुंग्या लागणे, ही मधुमेहाची खूण आहे आणि ती बालवयातही येते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तपासणी स्वच्छ आली तर या मुलाला उपचार एकच: घरातल्यांनी त्याच्या लघवीचे नाव काढायचे नाही. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत हे जसे आले तसे निघून जाते.

आता ती सहा वर्षांची मुलगी. सकाळी साडेसहाला घर सोडते, एकला परत येते. पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली परत येते. शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नाही, नळाला पाणी नाही, वास आहे. म्हणून ती जातच नाही, आणि जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. लागली की पायावर पाय घट्ट आवळून उभी राहते, किंवा उकिडवी बसून टाच खाली दाबून धरते. आया याला ‘नाटक’ म्हणतात. ते नाटक नाही. ते उघडू पाहणारे दार बाहेरून दाबून धरणे आहे. वर्षभर हे केले की खालचा स्नायू आवळून राहायलाच शिकतो. मग घरी निवांत बसूनही तो पूर्ण सैल पडत नाही, लघवी तुटत तुटत होते, थोडी आत उरते, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. दुपारी हसता हसता चड्डी ओली होते. आणि याच मुलीला बहुधा बद्धकोष्ठ असते, पण ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ‘शी रोज होते हो’ म्हणतात. होते, खड्यांसारखी, आठवड्यातून एकदा संडास तुंबेल अशी. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग मूत्राशयाला अगदी खेटून असतो. तो भरलेला राहिला की मूत्राशय ना नीट भरते ना नीट रिकामे होते.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून १९९७ मध्ये २३४ बद्धकोष्ठी मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या ज्या मुलांना दिवसा लघवी होत असे, त्यांपैकी ८९ टक्क्यांची ती तक्रार केवळ पोट साफ राहू लागल्यावर थांबली. रात्री अंथरूण ओले करणाऱ्यांपैकी ६३ टक्के कोरडी राहू लागली. ज्यांच्या मूत्रमार्गाच्या रचनेत दोष नव्हता, त्या सगळ्यांचा वारंवार होणारा जंतुसंसर्गही थांबला. कोणत्याही दुर्बिणीने एवढे काम केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून माझ्याकडे पहिल्यांदा आलेल्या आईला मी एक वही करायला सांगतो. शनिवार-रविवार, दोन दिवस. किती वाजता काय प्यायले, किती वाजता लघवी झाली, किती झाली (एखादे जुने मापाचे भांडे ठेवावे), कधी चड्डी ओली झाली, शी कधी व कशी झाली. मुलाच्या वयात एक मिळवून त्याला तीसने गुणले की मूत्राशयात साधारण किती मिलिलिटर मावावे ते कळते. सहा वर्षांच्या मुलीला दोनशे दहा. वहीत प्रत्येक वेळी चारशे दिसत असेल तर ती दाबून ठेवते आहे. तीसच दिसत असेल तर प्रश्न वेगळा आहे. ही वही पाहून मला जेवढे कळते तेवढे पुष्कळदा महागड्या तपासण्यांच्या फायलीतून कळत नाही. उपचारही या वहीतूनच निघतो: दर दोन-तीन तासांनी, लागो न लागो, जाऊन बसणे, पोट साफ राहण्याचे औषध, तेही दोन दिवस नव्हे तर काही महिने, आणि कमोडवर बसणाऱ्या मुलीच्या लोंबकळणाऱ्या पायांखाली एक पाट. हो, जेवायला बसायचा पाट. पाय टेकले की खालचे स्नायू सैल पडतात.

शाळांबद्दल बोलल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. २०१९ मध्ये केरळातल्या शाळांनी मुलांना पाणी प्यायची आठवण म्हणून ‘पाण्याची घंटा’ सुरू केली. कल्पना मोठी गोड आहे. पण पाणी पाजून पुढे जायचे कोठे? शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या नाचाचे चित्रीकरण करणारे पालक वर्षातून एकदा त्या स्वच्छतागृहाची कडी लागते का एवढे पाहून आले, तर माझ्यासारख्यांकडची गर्दी कमी होईल.

अंथरूण ओले करण्याबद्दल थोडक्यात. पाचव्या वर्षी सातांतले एक मूल रात्री अंथरुणात लघवी करते, आणि दरवर्षी त्यांतली साधारण पंधरा टक्के मुले आपोआप कोरडी होतात. दिवसा काहीच तक्रार नसेल तर येथे दुर्बिणीचे काही काम नाही, आणि चापटीचेही नाही.

ताप येऊन लघवीत जंतू सापडले, तर मात्र प्रकरण गंभीरपणे घ्यायचे. तान्ह्या बाळाचा विनाकारण वाटणारा ताप हा कधी कधी मूत्रपिंडापर्यंत चढलेला जंतुसंसर्ग असतो. येथे सगळा खेळ नमुन्याचा आहे. चिकटपिशवीत गोळा केलेल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात आणि नसलेला आजार कागदावर येतो. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, जागा धुऊन, मधल्या धारेचा नमुना घ्यावा आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचवावा. बाळ फारच आजारी असेल तर नळी घालून घ्यावा. ओटीपोटावर थंड ओला कपडा गोल फिरवला की तान्ही बाळे लवकर लघवी करतात, हे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी रीतसर प्रयोग करून सिद्ध केले. आपल्या आज्या ‘शूऽऽ’ करत हेच काम करत आल्या. त्यांचा प्रयोग कोणी छापला नाही इतकेच.

जंतुसंसर्ग सिद्ध झाल्यावर सोनोग्राफी होते, गरजेनुसार मूत्रपिंडाचे स्कॅन आणि एम.सी.यू. म्हणजे नळीतून मूत्राशयात रंग भरून, मूल लघवी करत असताना काढायचे एक्स-रे. लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते का, हे त्यात दिसते. कोणत्या वयात काय करावे याबद्दल आपल्या बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने आणि अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच मार्गदर्शन केले. दोन्हींत फरक होते, पण दुर्बीण त्यांपैकी एकाच्याही नेहमीच्या तपासण्यांत नव्हती. उलट चढणारी लघवीही बहुतेक वेळा, दोष सौम्य असेल तर, मूल वाढता वाढता थांबते. २०१४ मध्ये अशा सहाशेवर मुलांचा अभ्यास झाला. रोज थोडे अँटिबायोटिक दिल्याने जंतुसंसर्ग निम्म्यावर आला, मूत्रपिंडावरचे व्रण मात्र तेवढेच राहिले. म्हणजे याही औषधाची घाई नको, विचार करून द्यावे.

आता त्या दुसऱ्या घराकडे, जेथे आजी सव्वा महिना थांबायला सांगत होती.

मुलग्यांमध्ये क्वचित, पाच ते आठ हजारांत एखाद्याला, मूत्रमार्गाच्या मागच्या भागात पातळ पडद्याच्या घड्या जन्मतःच असतात. त्यांना झडपा म्हणतात. कागदापेक्षा पातळ, पण त्या लघवीची वाट अडवतात. गर्भातच मूत्राशय जोर लावून लावून जाड होते, मूत्रवाहिन्या फुगतात, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो. आजकाल पुष्कळदा गर्भारपणीच्या सोनोग्राफीतच दोन्ही मूत्रपिंडे सुजलेली आणि मूत्राशय न रिकामे होणारे दिसते. असा रिपोर्ट हातात असेल आणि मुलगा झाला असेल, तर बाळंतिणीच्या खोलीतच त्याची चौकशी सुरू व्हायला हवी. रिपोर्ट नसेल तर डोळे हवेत. मुलग्याची धार कमानीसारखी पडते की थेंबथेंब? लघवी करताना तो लालबुंद होऊन कुंथतो का? ओटीपोटात कायम गोळा लागतो का? धार पाहणे ही आपल्याकडच्या सुइणींची जुनी रीत. ती चांगली होती. फक्त एक लक्षात ठेवावे, जोर लावणाऱ्या मूत्राशयामुळे धार बरी दिसली म्हणून झडप नाहीच असे म्हणता येत नाही.

येथे आम्ही आधी बारीक नळी घालून लघवीला वाट करून देतो, रक्तातले क्षार ताळ्यावर आणतो, एम.सी.यू. काढून खात्री करतो. आणि मग दुर्बीण! पडद्यावर त्या घड्या पाण्यात शिडासारख्या फुगलेल्या दिसतात. दुर्बिणीतूनच बारीक पात्याने, विजेच्या तारेने किंवा लेझरने त्या तोडतो. कौशल्य लागते, वेळ फारसा लागत नाही. एवढे करूनही यांतल्या काही मुलांची मूत्रपिंडे पुढे थकतात, कारण नुकसान जन्माआधीच झालेले असते. म्हणून या मुलांना मोठे होईपर्यंत सोडायचे नसते. पण जे वाचवता येण्यासारखे आहे ते पहिल्या दिवसांत वाचवायचे असते. येथे ‘बघू, थांबू’ म्हणणाऱ्या आजीला मी हात जोडून सांगतो, आजी, सव्वा महिन्याने हे मूत्रपिंड आपल्याला विचारायला थांबणार नाही.

दुर्बिणीची अशी आणखीही खरी कामे आहेत. मूत्रवाहिनीचे टोक मूत्राशयात फुग्यासारखे फुगलेले असते, त्याला दुर्बिणीतून भोक पाडले की दाब उतरतो. मूत्राशयातला खडा, ज्याने मुलगा लघवीच्या शेवटी किंचाळतो आणि लिंग ओढत राहतो, तो दुर्बिणीतून फोडून काढता येतो. लघवी वारंवार उलटी चढून ताप येतच राहिला, तर मूत्रवाहिनीच्या तोंडाशी इंजेक्शनने गादी तयार करण्याची युक्ती डब्लिनच्या ओडोनेल आणि पुरी यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. ती ऑपरेशनचा मोठा छेद वाचवते. या सगळ्यांत एक समान गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. दुर्बीण घालण्याआधी डॉक्टरला काय सापडणार याचा बराचसा अंदाज आहे, आणि सापडल्यावर हाताने करायचे काम ठरलेले आहे.

एका मुलीचे निदान तर मी दर वेळी नुसत्या प्रश्नावर करतो. ती दिवसातून पाच-सहा वेळा अगदी व्यवस्थित जाऊन लघवी करते, आणि तरीही तिची चड्डी कधीच, एक तासही, कोरडी नसते. असे असेल तर एखादी जादा मूत्रवाहिनी मूत्राशयात न उघडता खाली भलतीकडे उघडते आहे, असे समजून शोध घ्यायचा. अशा मुली वर्षानुवर्षे आळशी, घाणेरडी म्हणून बोलणी खातात. तिच्यासाठी स्कॅन, दुर्बीण, ऑपरेशन, सगळे काही करावे; ऑपरेशननंतर ती कोरडी होते. आणि कोणत्याही मुलाच्या तपासणीत पाठ उघडी करून कमरेखाली केसांचा झुबका, खळगा किंवा गाठ आहे का हे पाहावे, कारण मूत्राशयाच्या नसा तेथून येतात. ही तपासणी फुकट आहे आणि तीच राहून जाते.

तेव्हा कोणी तुमच्या मुलाला दुर्बीण घालायला सांगितली तर भांडू नका, घाबरूही नका. विचारा: ‘‘आत काय सापडेल असे तुम्हाला वाटते? आणि सापडले किंवा नाही सापडले, तर उपचार कसा बदलेल?’’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. त्याचे उत्तर दोन वाक्यांत येते. ‘एकदा बघून घेऊ’ एवढेच उत्तर आले, तर वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला हरकत नाही.

आणि दुर्बीण ठरलीच, तर त्या दिवसाची तयारी साधी आहे. मुलाला खोटे सांगू नये. ‘फोटो काढायला जायचंय, तू झोपलेला असशील’ एवढे पुरते. उपाशी किती वेळ ठेवायचे ते भूलतज्ज्ञ वयाप्रमाणे सांगतील, ते काटेकोर पाळावे. ‘एक बिस्किट तर दिलं’ म्हणून ऑपरेशन पुढे ढकलावे लागते. सर्दी-खोकला असेल तर आदल्या दिवशीच कळवावे. लघवीत जंतू असतील तर ते औषधाने आधी घालवतात. बहुतेक मुले संध्याकाळपर्यंत घरी जातात. पहिल्या एक-दोन लघव्यांना आग होते आणि रंग गुलाबीसर येतो; मूल त्या भीतीने लघवी दाबून धरते. त्याला कोमट पाण्याच्या टबात बसवावे आणि तेथेच करू द्यावी, कोणी रागावणार नाही असे सांगून. भरपूर पाणी पाजावे. ताप आला, लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडल्या, किंवा सहा-आठ तासांत लघवी झालीच नाही, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री परत यावे.